वाळूत रान उभे करणारा प्राध्यापक

२१ एप्रिल १९४८ ची सकाळ. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, विस्कॉन्सिन नदीच्या काठी, एका साध्या लाकडी खोपटात तिघांची न्याहारी चालली होती. वडील, आई आणि एकवीस वर्षांची धाकटी मुलगी. एवढ्यात शेजाऱ्याच्या शेतावर धूर दिसला. बर्फ वितळून गेले होते, नवे गवत अजून वर आले नव्हते आणि गेल्या वर्षीचे वाळलेले गवत रानभर उभे होते. अशा दिवसांत आग लागली की ती वाऱ्याबरोबर धावते. आणि ती धावत होती या कुटुंबाने तेरा वर्षे खपून वाढवलेल्या पाइनच्या झाडांकडे.

वडिलांचे वय ६१. काही महिन्यांपूर्वीच चेहऱ्याच्या शिरेच्या असह्य दुखण्यावर त्यांची शस्त्रक्रिया झाली होती. पण घरात बसून राहणे शक्य नव्हते. बादल्या, झाडू, फावडे, पाठीवर घ्यायचा पाण्याचा पंप, जे हाताला लागले ते घेऊन तिघे निघाले. वडिलांनी मुलीला मदतीसाठी दूरध्वनी करायला पिटाळले, पत्नीला रस्त्याच्या कडेला झाडू घेऊन उभे केले आणि स्वतः पाठीवर पंप घेऊन आगीच्या पुढचे गवत भिजवत एकटेच पुढे गेले. तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते जमिनीवर आडवे झाले आणि मंदावलेली आग त्यांच्या अंगावरून हलकेच सरकत गेली. आग पुढे आटोक्यात आली, झाडे वाचली. झाडे लावणारा मात्र गेला.

या गृहस्थांचे नाव आल्डो लिओपोल्ड. विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक. पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव नवे नाही, त्यांचे एक छोटेखानी पुस्तक जगभर वाचले जाते. पण आज त्यांची आठवण काढायची ती वेगळ्याच कारणासाठी. हवेतला कर्बवायू वाढतो आहे आणि पृथ्वी तापते आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यावर उतारा म्हणून जगभरची सरकारे आणि कंपन्या कोट्यवधी झाडे लावण्याच्या घोषणा करतात. पण उजाड जमिनीवर काय लावायचे, कुठे लावायचे आणि ते रुजायला किती काळ लागतो, हे प्रश्न घोषणांच्या गर्दीत मागे पडतात. लिओपोल्ड यांनी कर्ब साठवण्याचा विचारही मनात नसताना ८० एकर वाया गेलेल्या वाळूवर या प्रश्नांची उत्तरे शोधली. आधी स्वतःच्या चुका पाहून, मग स्वतःच्या हातांनी.

मेजांच्या कारखान्यातला मुलगा

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ चा, आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावचा. मिसिसिपी नदीच्या उंच दरडीवर त्यांचे घर होते. घराणे मूळचे जर्मन. घरात जर्मनच बोलली जाई. वडील कार्ल यांचा लाकडी मेजांचा कारखाना होता. म्हणजे घरची मिळकत झाडे तोडूनच येत होती. पण कार्ल जातिवंत शिकारी होते, आणि जातिवंत शिकाऱ्याला रान रिकामे होत चाललेले सर्वांच्या आधी कळते. बदके वसंतात घरटी करायला उत्तरेकडे जातात, त्या दिवसांत त्यांना मारायचे नाही, असा नियम कार्ल यांनी स्वतःलाच घालून घेतला होता. कायद्याने तशी बंदी नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आपल्यावर कुणाची नजर नसताना माणसाने कसे वागावे, याचा धडा मुलाला वडिलांच्या बंदुकीमागे चालताना मिळाला.

मुलगा हुशार, आणि पक्ष्यांचा नादी. कुठला पक्षी कधी दिसला याच्या नोंदी ठेवण्याची सवय लहानपणी लागली, ती जन्मभर सुटली नाही. अमेरिकेत तेव्हा वनशास्त्र हा नवाच विषय होता. येल विद्यापीठात १९०० मध्ये त्यासाठी स्वतंत्र शाळा निघाली होती. लिओपोल्ड तिथून १९०९ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले आणि अवघ्या चार वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या सरकारी वनखात्यात रुजू झाले. नेमणूक झाली ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखात. बावीस वर्षांचा तरुण, घोडा, बंदूक आणि डोळे पोहोचतील तिथवर जंगल. आणखी काय हवे?

लांडगी आणि घळी

त्याच वर्षी एक प्रसंग घडला. डोंगरकड्यावर बसून जेवण करत असताना लिओपोल्ड आणि त्यांच्या सोबत्याला खालच्या नदीतून वर येणारी एक लांडगी दिसली. तिच्याभोवती तिची मोठी झालेली पिल्ले खेळत होती. त्या काळी लांडगा दिसला की गोळी घालायची, यात विचार करण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटतच नसे. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील, मग शिकाऱ्यांची चंगळ, असा साधा हिशेब होता. दोघांनी बंदुका रिकाम्या केल्या. लिओपोल्ड खाली पोहोचले तेव्हा लांडगीच्या डोळ्यांतले हिरवे तेज विझत होते. ते डोळे त्यांना विसरता आले नाहीत. पण त्यांचा अर्थ लागायला आणि तो कागदावर उतरायला जवळजवळ पस्तीस वर्षे जावी लागली. लांडगे संपले, हरणे बेसुमार वाढली, त्यांनी झुडपे आणि कोवळी रोपे खाऊन डोंगर बोडके केले आणि शेवटी उपासमारीने स्वतःही मेली. हिशेबात लांडगा होता, हरीण होते, फक्त डोंगर धरलेला नव्हता.

१९१२ मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नी एस्टेला बर्गेर सांता फे गावच्या, न्यू मेक्सिकोतल्या जुन्या प्रतिष्ठित स्पॅनिश घराण्याशी नाते असलेल्या. लग्नाला वर्षही झाले नव्हते तोच, एप्रिल १९१३ मध्ये, मेंढपाळांची भांडणे सोडवायला गेलेले लिओपोल्ड पाऊस आणि गारपिटीत सापडले. भिजलेल्या अंथरुणात रात्री काढाव्या लागल्या. अंग सुजले, मूत्रपिंडाला सूज आली आणि दुखणे जिवावर बेतले. त्यातून उठून कामावर परतायला जवळजवळ दीड वर्ष लागले. घोड्यावर रपेट करणारा माणूस व्हरांड्यातल्या खुर्चीला खिळला. वाचन आणि विचार, एवढेच करता येत होते.

कामावर परतल्यावर ते खात्यात वर चढत गेले आणि पुढे या मुलखातल्या सगळ्या राष्ट्रीय वनांची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या फिरतीत त्यांना जे दिसले त्याने ते अस्वस्थ झाले. वसाहतवाल्यांनी पेलेल त्याच्या कितीतरी पट गुरे आणि मेंढ्या डोंगरांवर सोडल्या होत्या. गवत मुळासकट खुरडले गेले. उघड्या उतारावर वळवाचा पाऊस आदळला की पाणी जिरत नसे, धावत सुटे. ओढ्यांच्या जागी खोल घळी पडल्या. ॲरिझोनातल्या ब्लू नदीचे खोरे एके काळी शेतांनी आणि वस्त्यांनी भरलेले होते. तिथली बहुतेक सुपीक जमीन पुरांनी कापून नेली आणि माणसे उठून गेली. ज्यांनी जमीन कसली त्यांच्याच हयातीत हे घडले होते.

गवत म्हणजे गुरांचा चारा, एवढेच तोवर सगळे मानत. लिओपोल्ड यांना दिसले की गवत आहे म्हणून डोंगर जागेवर आहे. १९२३ मध्ये त्यांनी वनरक्षकांसाठी पाणलोटाची एक हातपुस्तिका तयार केली. घळी कशा ओळखायच्या, त्या कशा अडवायच्या, कुठली झुडपे लावायची, अशी सगळी व्यवहाराची माहिती तिच्यात होती. पुढच्याच वर्षी त्यांच्या आग्रहामुळे न्यू मेक्सिकोतला गिला नदीच्या उगमाकडचा लाखो एकर प्रदेश रस्ते आणि इमारतींपासून मुक्त ठेवण्याचा निर्णय वनखात्याने घेतला. अशा तऱ्हेने राखलेले ते अमेरिकेतले पहिले राष्ट्रीय वनक्षेत्र.

विद्यापीठाच्या दारातला माळ

१९२४ मध्ये लिओपोल्ड कुटुंब विस्कॉन्सिनच्या राजधानीत, मॅडिसनला आले. चार वर्षे त्यांनी लाकडाच्या सरकारी प्रयोगशाळेत काढली, पण उभ्या झाडात रमणाऱ्या माणसाचे मन कापलेल्या फळ्यांत लागेना. पुढे त्यांनी राज्याराज्यांतून वन्य प्राण्यांची पाहणी केली, त्यावर पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९३३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी वन्यजीव व्यवस्थापनाचे अध्यासन निर्माण केले. या विषयाचे देशातले ते पहिले अध्यासन.

तो काळ अमेरिकेच्या शेतीच्या दृष्टीने भयंकर होता. देशाच्या मध्यभागी पसरलेल्या प्रेअरीच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालला होता. प्रेअरी म्हणजे गवताळ प्रदेश, आपल्या माळरानाचाच भाऊबंद. फक्त पाऊस जास्त तिथे त्यातले गवत पुरुषभर उंच वाढते. ते गवत उपटून गहू पेरला गेला. मग अवर्षण आले आणि मे १९३४ मध्ये उडालेली धूळ थेट पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांपर्यंत पोहोचली. शेतातली माती आता खासदारांच्या खिडकीवर येऊन बसली होती.

जून १९३४ मध्ये मॅडिसन शहराच्या कडेला विद्यापीठाच्या नव्या वृक्षोद्यानाचे उद्‌घाटन झाले. वृक्षोद्यान म्हटले की देशोदेशींची झाडे आणून ओळीने लावायची आणि प्रत्येकाच्या बुंध्याला नावाची पाटी अडकवायची, अशी पद्धत. लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळेच सुचवले. गोरे लोक येण्यापूर्वी विस्कॉन्सिन कसे होते, त्याचा एक तुकडा इथे पुन्हा तयार करायचा. इथलीच झाडे, इथलेच गवत, इथलीच फुले, आणि तीही एकेकटी नव्हेत, तर रानात जशी एकमेकांच्या सोबतीने राहतात तशी. निरोगी जमीन कशी असते हे पाहायला मिळाले, तरच आजारी जमीन कितपत आजारी आहे हे कळेल, असा त्यामागचा विचार.

जागा होती कसून दमलेली शेतजमीन आणि घोड्यांचे कुरण. १९३५ पासून बेकार तरुणांसाठी सरकारने काढलेल्या कामगार दलाची एक छावणी तिथे पडली. वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्मन फॅसेट यांनी आधी छोटे प्रयोग केले आणि मग थिओडोर स्पेरी यांच्या देखरेखीखाली ही मुले कामाला लागली. जुन्या प्रेअरीचे जे चार तुकडे नांगरातून सुटले होते तिथून मुळांसकट मातीचे गड्डे खणून आणायचे, बी गोळा करायचे आणि ते इथे रुजवायचे. जगात असे कुणी मोठ्या प्रमाणावर केलेले नव्हते. जवळजवळ ६० एकरांवर हा खटाटोप चालला.

पण परदेशी गवत हटेना. युरोपातून आलेले कुरणाचे गवत पुन्हा पुन्हा माजे आणि प्रेअरीची रोपे दबून जात. मग १९४० नंतरच्या काही वर्षांत जॉन कर्टिस यांनी मुद्दाम आग लावून पाहिली. आगीने परदेशी गवत मागे हटले आणि देशी गवत जोमाने फुटले, कारण त्याचा जीव जमिनीखाली खोल मुळांत असतो. गंमत अशी की, तरुण वनाधिकारी असताना जंगलात मुद्दाम आग लावण्याच्या पद्धतीविरुद्ध लिओपोल्ड यांनी लेख लिहिले होते. पण जमिनीने दाखवलेले खोटे कसे म्हणायचे? लांडग्यासारखाच आगीबद्दलचाही विचार त्यांनी बदलला. या माळाला पुढे कर्टिस यांचेच नाव मिळाले आणि पुन्हा उभी केलेली जगातली सर्वांत जुनी प्रेअरी म्हणून तो आज ओळखला जातो.

कोंबड्यांचे खुराडे

सरकारी जागेवर सरकारी पैशाने केलेले काम हे एक. पण जमीन ज्याची त्याने ती सुधारायला काय करावे? याचे उत्तर देण्यासाठी लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये मॅडिसनपासून फार लांब नसलेल्या बाराबू गावाजवळ ८० एकर जमीन विकत घेतली. ती कुणालाही नको होती. हिमयुगातल्या सरोवराने आणि नदीने टाकलेली वाळू, तिच्यावर एके काळी झाडे होती. ती तोडून लोकांनी मका पेरला, चार-दोन पिके घेतली, कस संपला आणि ते निघून गेले. जवळपासच्या दलदली चर खणून कोरड्या केल्या, तेव्हा शतकानुशतके साचलेला कुजक्या वनस्पतींचा थर पेटला आणि दिवसच्या दिवस जळत राहिला. या शेतावरचे घर जळून गेलेले. उभे होते फक्त कोंबड्यांचे खुराडे, तेही विष्ठेने भरलेले.

प्राध्यापकांच्या घरच्यांनी ते खुराडे उपसून साफ केले, शेकोटी बांधली, निजायला लाकडी बाकडी ठोकली. ना वीज, ना नळ. बाहेरच्या संडासाला पोरांनी ग्रीक मंदिराचे नाव दिले, पार्थेनॉन! सांता फेच्या सधन घरात वाढलेल्या एस्टेलाबाई इथे चुलीवर रांधत, झाडे लावत आणि तिरंदाजीचा सरावही करत. त्या राज्याच्या महिला तिरंदाजी स्पर्धेतल्या विजेत्या होत्या. स्टार्कर, लुना, नीना, कार्ल आणि एस्टेला ही पाचही मुले सुटीच्या दिवशी कुदळ-फावडे घेऊन राबत.

त्याच वर्षी लिओपोल्ड अभ्यासासाठी जर्मनीला गेले होते. पूर्वजांच्या देशातली जंगले त्यांनी पाहिली. एकाच जातीची स्प्रूसची झाडे, सरळ रांगांत, वहीतल्या ओळींसारखी. लाकूड भरपूर मिळे. पण खाली ना झुडूप, ना फूल, पक्षीही कमी, आणि पिढ्यांमागून पिढ्या तेच लावून माती निकस झालेली. परतताना त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली असणार. नुसती झाडे लावली म्हणजे रान होत नाही.

एप्रिल १९३६ मध्ये कुटुंबाने पाइनची सुमारे दोन हजार रोपे लावली, पांढऱ्या आणि तांबड्या पाइनची. हे दोन्ही वृक्ष मूळचे त्याच मुलखातले. एकोणिसाव्या शतकात कुऱ्हाडीने साफ केलेले. त्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमध्ये न भूतो अशी उष्णतेची लाट आली. पाऊस नाही. वाळू तापली आणि बहुतेक सगळी रोपे जळून गेली.

एखाद्याने नाद सोडला असता. या कुटुंबाने पुढच्या वसंतात पुन्हा रोपे आणली. तीही बरीच मेली. काही सशांनी कुरतडली, काही हरणांनी. मग पुन्हा. किती लावली, किती जगली, कशाने मेली, सगळे वहीत लिहिलेले असे. पाइनबरोबर ओक, बर्च, टॅमॅरॅक, रानझुडपे आणि रानफुले आली. खोपटासमोरच्या जुन्या मक्याच्या शेतात रस्त्याकडेने वाचलेल्या प्रेअरीचे गड्डे आणून लावले. वाळूच्या टेकाडावर पाइन, ओलाव्यात टॅमॅरॅक, उघड्या माळावर गवत, ज्याला जी जागा रुचेल ती. १९४८ पर्यंत हजारो, काहींच्या अंदाजाने चाळीस हजारांवर झाडे या हातांनी लावली होती.

जमिनीचे बचत खाते

आता कर्बाचे बोलू. झाड हवेतला कर्बवायू घेते आणि सूर्याच्या शक्तीने त्याचे लाकूड करते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कर्ब असतो. लिओपोल्ड यांच्या शेतावर वीज पडून मेलेला एक ओक होता. त्यांनी तो करवतीने कापला, तेव्हा त्याच्या वलयांमधून मागे मागे जात ऐंशी वर्षांचा विस्कॉन्सिनचा इतिहास त्यांनी लिहून काढला. शेकोटीत ते लाकूड जळत असताना त्यांना जाणवत होते की ही ऊब म्हणजे ऐंशी उन्हाळ्यांचे साठवलेले ऊन आहे. मातीतला एक अणू खडकातून मुळात, मुळातून पानात, पानातून प्राण्यात आणि पुन्हा मातीत कसा फिरतो, याची गोष्टही त्यांनी लिहिली. प्रेअरीत तो अणू या जिवातून त्या जिवात फिरत वर्षानुवर्षे रेंगाळतो. नांगरलेल्या उतारावरून मात्र तो झटक्यात धुपून समुद्राला मिळतो. कर्ब हा शब्द त्यांनी त्या अर्थाने वापरला नाही. पण जमिनीचा जमाखर्च त्यांना कळला होता.

झाडाची बचत डोळ्यांना दिसते. प्रेअरीची बचत जमिनीखाली असते. तिथल्या गवताची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात. दरवर्षी त्यातली काही मरतात, कुजतात, आणि हजारो वर्षांनी काळीभोर माती तयार होते. त्या काळेपणात कर्बच असतो. नांगर फिरला की मातीत हवा शिरते, सूक्ष्म जीव तो साठा खाऊन टाकतात आणि कर्ब पुन्हा हवेत जातो. दलदल पेटली की हेच काम काही दिवसांत होते. म्हणून मोडलेल्या जमिनीवर तिची स्वतःची वनस्पती परत आणणे म्हणजे रिकाम्या केलेल्या खात्यात पुन्हा भरणा करणे. आणि माळाला आग लागली तरी मुळांतला आणि मातीतला ठेवा बराचसा जागेवर राहतो. जंगलाचे तसे नाही. म्हणूनच मूळच्या गवताळ रानात केवळ कर्बाच्या मोहाने झाडे दाटीने लावणे हा तोट्याचा सौदा ठरू शकतो.

पण भरणा किती वेगाने होतो? याचे उत्तर त्याच कर्टिस माळावर मिळाले. शास्त्रज्ञांनी तिथल्या मातीची तुलना शेजारच्या, कधीही न नांगरलेल्या प्रेअरीशी केली. त्यांचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पासष्ट वर्षांच्या मेहनतीनंतरही उभ्या केलेल्या माळाच्या मातीतला कर्ब मूळ माळाइतका झालेला नव्हता. काढायला काही हंगाम पुरतात, भरायला पिढ्या लागतात. हा निष्कर्ष काहींना निराश करणारा वाटेल. खरे तर तो सावध करणारा आहे. जी जमीन अजून मोडलेली नाही ती न मोडणे हीच सर्वांत मोठी बचत, आणि मोडली असेल तर आजच सुरुवात केलेली बरी.

८० एकरांनी जगाच्या हवेत काय फरक पडणार, असे कुणी विचारले तर खरे उत्तर फारसा नाही, हेच आहे. लिओपोल्ड यांनाही तसा भ्रम नव्हता. जमीन ही विकत घेतलेली वस्तू नसून माती, पाणी, झाडे आणि प्राणी मिळून झालेला एक समाज आहे आणि माणूस त्या समाजाचा मालक नव्हे, सभासद आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते. त्यासाठी त्यांनी निबंध लिहिले. प्रकाशकांनी ते नाकारले. निसर्गवर्णन ठीक, पण उपदेश नको, असा सूर होता. शेवटी १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने पुस्तक स्वीकारल्याचा दूरध्वनी आला. बरोबर सातव्या दिवशी ती आग लागली. मुलगा लुना याने पुढचे काम पाहिले आणि १९४९ मध्ये ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ प्रसिद्ध झाले. लेखकाने ते छापलेले पाहिलेच नाही.

वहीची पुढची पाने

लिओपोल्ड रोज पहाटे अंधारात उठत. कॉफीचे भांडे आणि वही घेऊन बाहेर बसत आणि कुठला पक्षी किती वाजता गायला लागला, कुठले फूल कुठल्या तारखेला उमलले, हे लिहून ठेवत. तो केवळ छंद नव्हता. मुलगी नीना १९७६ मध्ये त्या जमिनीवर राहायला परत आली आणि तिने वडिलांच्या नोंदी पुढे चालवल्या. १९९९ मध्ये तिने, भाऊ कार्लने आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही काळांतल्या ५५ घटनांची तुलना प्रसिद्ध केली. त्यातल्या बऱ्याच घटना, फुलांचे उमलणे आणि पक्ष्यांचे येणे, आता पूर्वीपेक्षा लवकर घडत होत्या. वसंत अलीकडे सरकला होता. हवेतल्या कर्बाने ऋतू कसा बदलतो याचा पुरावा, ज्याला ती भीती ठाऊकही नव्हती अशा माणसाच्या वहीतून निघाला.

पाचही मुले शास्त्राच्या किंवा निसर्गाच्या वाटेने गेली. स्टार्कर, लुना आणि धाकटी एस्टेला हे तिघे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. एका घरातली तीन भावंडे! १९८२ मध्ये या भावंडांनी वडिलांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. आगीच्या दिवशी मदत मागायला धावलेली एस्टेला पुढे जीवाश्म परागकणांची नामवंत अभ्यासक झाली. ती २०२४ मध्ये वारली. पाचांपैकी आता कुणीही हयात नाही.

झाडे मात्र आहेत. खुराड्याचे झालेले ते खोपटही आहे. २००९ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झाले. दाटी झालेल्या पाइनची विरळणी करायची वेळ आली, तेव्हा त्या खोडांचे वासे आणि फळ्या करून प्रतिष्ठानने आपली नवी इमारत बांधली. २००७ मध्ये ती खुली झाली. ती जितका कर्ब हवेत सोडते त्याची भरपाई त्याच जागेवरच्या सूर्यऊर्जेने आणि जंगलाने होते, अशी अधिकृत मान्यता तिला मिळाली आहे. लिओपोल्ड जिथे आग विझवताना कोसळले, तिथून ती जवळच आहे.

त्यांच्या काळात विस्कॉन्सिनमध्ये क्रौंच पक्षी इतके कमी उरले होते की, ते आता संपणारच असे त्यांना वाटे. आज शरद ऋतूत संध्याकाळी नदीच्या वाळूच्या बेटांवर हजारो क्रौंच उतरतात. १९३६ च्या उन्हाळ्यात जळून गेलेल्या रोपांपुढे उभे असताना प्राध्यापकांच्या घरच्यांना यातले काहीच दिसत नव्हते. दिसत होती ती तापलेली वाळू. आणि पुढच्या वसंतात ते पुन्हा फावडी घेऊन तिथेच गेले.